मास्तर, मोरचूद आणि कुळागर

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवणारे मास्तर गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गेले. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारली नाही, मास्तर म्हटलं की तेच. म्हणून इथेही मास्तरच. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना स्वभाव, साधेपणा, विद्यार्थ्यांवरचं प्रेम असं सगळं येतंच. ते इतरांनी शोकसभेत सांगून झालंय. त्यांच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, ज्या गोष्टी मोजूनमापून होत असत, त्या मात्र कुठे लिहिलेल्या नाहीत. ज्यांच्याकडे चार पोफळी आहेत त्यांच्या त्या कामाच्या आहेत.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्या शाळांत पाटी घेऊन बसलेल्या पिढीतले मास्तर. पुढे बी.एस्सी., बी.एड. करून गावाजवळच्याच हायस्कूलला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. गोव्यात हायस्कूल सकाळचं, दीडला शाळा सुटली की जेवून तीनपर्यंत माणूस कुळागरात. हौस म्हणा किंवा वडिलोपार्जित ओझं म्हणा, तीन हजार चौरस मीटरच्या आसपासची उताराची जमीन, त्यात चारशे पोफळी, पंचवीसेक माड, केळी, पोफळींवर चढवलेली मिरी, मध्ये जायफळ आणि काठाला भिरंड, म्हणजे कोकम. वर डोंगराच्या कुशीत झर, तिथून पाटाने येणारं पाणी. हिशेबाची वही मात्र त्यांच्या पत्नीकडे, काकूंकडे. गुरांचं, शेणखताचं आणि सुपारी वाळवायचं कामही त्यांच्याकडेच, हे सांगायचं राहून जाऊ नये.

मराठी चौथीतून थेट इंग्रजी पाचवीत आलेल्या पोरांना ‘डिस्प्लेसमेंट रिअॅक्शन’ शिकवायची तर फळ्यावर शिकवून भागत नाही. मास्तर ती मे महिन्याच्या शेवटी बोर्डो मिश्रणाच्या, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीच्या औषधाच्या, पिंपाशी शिकवत. शाळेला तेव्हा सुट्टी, पण दहावीत जाणारी आसपासची पोरं यायची. पिंप ढवळायला हात मिळायचे हा त्यातला व्यवहारही होताच.

पोफळीला पावसाळ्यात लागणारा कोळेरोग आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कोवळ्या सुपारीवर देठाजवळ पाणी शोषल्यासारखा गडद डाग पडतो, तो पसरतो, सुपारी गळते, आणि खाली पडलेल्या सुपारीवर दोन-तीन दिवसांत पांढरं बुरशीसारखं जाळं चढतं. हा रोग फायटोफ्थोरा नावाच्या जीवाचा. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० साली त्याचा अभ्यास मांडला. मास्तर ठासून सांगायचे की ही खरी बुरशी नव्हे. हिच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं आणि हिचं नातं शेवाळाच्या कुळाशी जास्त जवळचं. हा पांडित्याचा मुद्दा वाटेल, पण त्यातूनच फवारणीची वेळ ठरते. हिचे बीजाणू शेपटीने पोहतात. घोसावर पाण्याचा पातळ थर सतत राहिला की ते या सुपारीवरून त्या सुपारीवर जातात. एकदा आत शिरले की वरून कितीही तांबं मारा, सुपारी वाचत नाही. म्हणून औषध रोग दिसल्यावर मारायचं नाही, पाऊस स्थिरावण्याआधी घोसावर तांब्याचा थर चढवून ठेवायचा. पहिली फवारणी मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा. दुसरी ४० ते ४५ दिवसांनी, उघडीप मिळेल तेव्हा. पाऊस लांबला तर तिसरी.

एक टक्का बोर्डोचं माप सोपं आहे: मोरचूद (कॉपर सल्फेट) १ किलो, कळीचा म्हणजे न विरलेला चुना १ किलो, पाणी १०० लिटर. बिघडतं ते कृतीत.

मोरचूद कुटून पातळ फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि ५० लिटर पाण्याच्या वरच्या थरात काठीला टांगून ठेवायची. तळाशी टाकली तर तासन् तास तशीच बसते, कारण भोवतालचं पाणी संपृक्त होऊन जड होतं आणि तिथेच साचतं. वर टांगली की विरघळलेलं जड निळं पाणी आपोआप खाली उतरतं, ताजं पाणी पुरचुंडीशी येतं. पोरांनी ते निळे धागे खाली उतरताना काचेच्या बरणीत पाहिले की घनता वेगळी शिकवावी लागत नसे. पिंप प्लास्टिकचंच हवं. लोखंडी किंवा पत्र्याच्या पिंपात तांबं पिंपावरच बसेल.

चुना दुसऱ्या पिंपात. कळीवर आधी थोडंच पाणी शिंपडायचं. ती फुलते, तडकते, वाफ येते. तोंड लांब ठेवायचं, डोळ्यात चुना उडाला तर जन्माचं नुकसान. पूर्ण विरल्यावर पाणी वाढवत ५० लिटर करायचं आणि गार होऊ द्यायचं. घाई इथेच नडते. गरम चुनवणीत मोरचूद ओतलं तर साका जाड, रवाळ पडतो, तळाशी बसतो आणि नोझल तुंबतं. गार झाल्यावर फडक्यातून गाळायचं, खडे काढून टाकायचे.

मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, बारीक धारेने, ढवळत ढवळत. उलट करायचं नाही. चुना मोरचुदात ओतला की सुरुवातीला सगळीकडे मोकळं तांबं जास्त असतं आणि कण मोठे होतात. बरोबर जमलेलं मिश्रण आकाशी निळं, किंचित लिबलिबीत दिसतं आणि बराच वेळ खाली बसत नाही. हिरवट छटा दिसली तर काहीतरी चुकलंय.

आता सुरी. घासून लख्ख केलेली लोखंडी सुरी मिनिटभर मिश्रणात बुडवायची. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, म्हणजे चुना कमी पडलाय. लोखंड विरघळून पाण्यात जातं, तांबं पात्यावर येऊन बसतं, हीच ती डिस्प्लेसमेंट रिअॅक्शन. दहावीच्या पुस्तकात खिळा आणि मोरचूद घेऊन केलेला प्रयोग तो हाच. थोडी चुनवणी घालायची, ढवळायचं, सुरी घासून पुन्हा बघायचं. तांबं येईनासं झालं की हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद लावायचा. लालसर झाला की चुना पुरा पडला. स्टीलची सुरी चालत नाही, तिच्यावर थर नीट येत नाही आणि माणूस फसतो. हे न तपासता मारलं तर कोवळ्या सुपाऱ्या करपतात आणि खालच्या केळीच्या पानांवर ठिपके उठतात.

चुना कमी पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जुना चुना. गोण उघडी राहिली की कळी हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुनखडी होते. पांढरी पूड तशीच दिसते, पण तिच्यात दम नसतो. चिमूटभर पुडीवर लिंबू पिळायचं, जोरात फसफसली तर ती गोण सारवायलाही ठेवू नये. पाकीटबंद विरलेला चुना वापरायचा असेल तर किलोला किलो चालत नाही. त्यात पाणी आधीच धरलेलं असतं, म्हणून कळीच्या एका किलोऐवजी तो सव्वा ते दीड किलो घ्यावा लागतो. शुद्ध असेल तर हिशेब १.३२ किलोचा. मास्तर हे अणुभारांवरून पोरांकडून काढून घेत: कळीचा रेणुभार ५६ आणि विरलेल्या चुन्याचा ७४.

मिश्रण केलं त्याच दिवशी संपवायचं. रात्रभर ठेवलं की कण एकमेकांना धरून मोठे होतात आणि घोसाला चिकटत नाहीत. खाली पानवेल असेल तर खायची पानं आधी खुडून घ्यायची. आणि पंप पाटात धुवायचा नाही. तांबं माशांना आणि गोगलगायींना विषच. सेंद्रिय शेतीत बोर्डोला परवानगी असते, पण म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. तांबं मातीत साचत जातं, कुजून नाहीसं होत नाही. ‘सेंद्रिय’ म्हटलं की हात सैल सोडणाऱ्यांवर मास्तर चिडत, आणि त्यांचं बरोबर होतं.

पूर्वी पोफळीवर चढून फवारणारी माणसं होती, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झोका घेत जाणारी. आता ती मिळत नाहीत. कार्बन फायबरचे लांब दांडे आलेत, जमिनीवर उभं राहून मारता येतं. फक्त खालून घोसाची एकच बाजू दिसते, त्यामुळे प्रत्येक झाडाला दोन्ही बाजूंनी जावं लागतं. एका बाजूने मारून पुढे गेलं की ऑगस्टात मागची बाजू गळते आणि दोष औषधाला मिळतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. मास्तरांच्या नव्या पोफळींच्या ओळी तिरक्या होत्या. जुन्या लोकांना ते बघवत नसे. पोफळीत ठरलेलं अंतर २.७ मीटर, चौकोनात. पण उत्तर-दक्षिण ओळ सरळ न धरता उत्तरेचं टोक ३५ अंश पश्चिमेकडे वळवायचं, अशी शिफारस आहे. कारण पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरपासून, सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दुपारनंतरचं ऊन नैऋत्येकडून थेट खोडावर पडतं. त्या बाजूला साल आधी पिवळी, मग तपकिरी होते, तडकते. दोन-चार वर्षांनी वादळात झाड बरोबर तिथेच मोडतं आणि लोक म्हणतात वाऱ्याने पाडलं. ओळ तिरकी केली की आडव्या ओळी नैऋत्येला तोंड करतात, म्हणजे प्रत्येक झाड आपल्या नैऋत्येच्या शेजाऱ्याच्या सावलीत येतं.

आखणी अशी. मोकळ्या जागी मीटरभराची काठी ओळंब्यात रोवायची, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक बाहेरून आत येताना वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खुंटी. दुपारनंतर आतून बाहेर जाताना पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन्ही खुंट्या जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळाली, तिच्या काटकोनात उत्तर. मग कोनमापक लागत नाही. उत्तरेला १० मीटर जायचं, तिथून काटकोनात पश्चिमेला ७ मीटर, त्या बिंदूकडे सुरुवातीपासून दोरी ताणायची. ३५ अंशांचा टॅन्जंट ०.७० असतो, एवढंच. कडेच्या ओळींना शेजारी नसतो. त्यांच्या खोडाला झावळ्या बांधायच्या किंवा चुना फासायचा, आणि दक्षिण-पश्चिमेला केळीची दाट रांग लावायची. त्याच काठीने मास्तर शून्य सावलीचा दिवस दाखवत. गोव्यात तो मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. ऑगस्टातला ढगांमुळे बहुधा हुकतो.

पाण्याचं त्यांचं वाक्य कोकणीत ठरलेलं: ‘पयलीं मेज, मागीर उलय’, म्हणजे आधी मोज, मग बोल. झरीचं पाणी पुरतं की नाही यावर भाऊबंदांत भांडणं होतात, आणि कुणीच ते मोजलेलं नसतं. पाटाचं पाणी एका नळीतून २० लिटरच्या बादलीत सोडायचं, घड्याळ लावायचं, तीनदा मोजून सरासरी घ्यायची. बादली २५ सेकंदांत भरली तर तासाला २,८८० लिटर. पोफळीला सरीने पाणी देताना एका पाळीला झाडामागे १७५ लिटर धरतात. पाच दिवसांची पाळी धरली तर चारशे झाडांना दिवसाला १४,००० लिटर, म्हणजे जवळजवळ पाच तासांची धार. ठिबकवर झाडाला दिवसाला १६ ते २० लिटर पुरतात, तेव्हा तेच काम अडीच तासांत. मोजायचं मात्र एप्रिल-मेमध्ये. डिसेंबरात मोजून ठिबक टाकणारे मेमध्ये हवालदिल होतात. आपल्या जांभ्याच्या मातीत दुसरी अडचण लोहाची. पाण्यातलं विरघळलेलं लोह हवा लागली की तांबड्या चिखलासारखं होतं आणि ठिबकची भोकं बुजतात. म्हणून पाणी आधी टाकीत उंचावरून पाडायचं, तिथे लोह बसू द्यायचं, वरचं पाणी घ्यायचं, आणि महिन्यातून एकदा नळ्यांची शेवटची टोकं उघडून धुवायची.

पर्जन्यमापक शाळेच्या आवारात होता आणि कुळागरातही. सरळ भिंतीची बाटली, तेवढ्याच व्यासाचं नरसाळं, तळाच्या खोलगट भागात सिमेंट ओतून शून्याची रेघ. नरसाळं बाटलीपेक्षा मोठं असेल तर क्षेत्रफळांच्या गुणोत्तराने भागावं लागतं. व्यास दुप्पट तर आकडा चौपट फुगतो, पोरं इथे हमखास चुकतात. झाडाखाली किंवा छपराच्या कडेला ठेवला तर तो पाऊस आभाळाचा नव्हे, पन्हळीचा. वाचायची वेळ सकाळी साडेआठ, हवामान खातं घेतं तीच, म्हणजे त्यांच्या वाळपईच्या केंद्रातल्या आकड्याशी ताडून बघता येतं. गोव्याची वर्षाची सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास, सत्तरीच्या डोंगराकडे त्याहून जास्त. जुलैतल्या एखाद्या रात्री लहान बाटली भरून वाहते, म्हणून ती मोठ्या डब्यात उभी करायची आणि सांडलेलंही मोजायचं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर हे एकदा डोक्यात बसलं की घराच्या शंभर चौरस मीटर छपरावर रात्रीत किती पाणी पडलं ते पोर स्वतःच सांगतं.

खताबद्दल थोडक्यात. मोठ्या पोफळीला वर्षाला नत्र १००, स्फुरद ४०, पालाश १४० ग्रॅम, शिवाय १२ किलो शेणखत आणि १२ किलो हिरवा पाला. वजनकाट्याच्या भाषेत युरिया सव्वादोनशे ग्रॅमपेक्षा जरा कमी, रॉक फॉस्फेट २०० ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश सव्वादोनशेच्या जरा वर, दोन हप्त्यांत. रॉक फॉस्फेट का, तर आपली माती आम्लधर्मी आहे. ती त्याला हळूहळू विरघळवते. महागडं सुपर फॉस्फेट घेतलं तर त्यातलं स्फुरद याच मातीतलं लोह आणि अॅल्युमिनियम धरून ठेवतं.

मिरीत मास्तरांची एक युक्ती बाजारात पैसे देऊन जायची. घोसातला एखाददुसरा दाणा लाल झाला की तोडायचं, दाणे सुटे करायचे, भोकाच्या टोपलीत घालून उकळत्या पाण्यात एकच मिनिट बुडवायचे आणि उन्हात पसरायचे. दाणे एकसारखे काळे होतात, लवकर वाळतात, धूळही धुऊन जाते. काळेपणा सालीतल्या विकराने (एन्झाइमने) येतो. गरम पाण्याने पेशी फुटतात आणि त्याचं काम वेगात होतं. पण जास्त उकळलं तर विकरच मरतो आणि दाणे तपकिरी, मळकट राहतात. शंभर किलो ओल्या मिरीची साधारण ३३ किलो सुकी होते. याहून बरीच जास्त भरली तर खूश व्हायचं नाही, ओल राहिलीय आणि पोत्यात बुरशी येणार.

सगळंच त्यांना जमलं असं नाही. दिसेल त्या फटीत झाड लावायची सवय होती. दाट पोफळीखाली लावलेली जायफळं उंच वाढली आणि फळायची विसरली. गव्यांपुढे आणि माकडांपुढे मोजमापाचं काही चाललं नाही. आणि भिरंडीत तर त्यांनी सात वर्षं घालवली. बियांपासून रोपं करून ओळीने लावली, कारण कलम विकत घ्यायचं जिवावर आलं. भिरंडीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, हे विज्ञानाच्या मास्तरांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण बियांच्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि ते फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, कळत नाही, याचा हिशेब त्यांनी केला नाही. जायफळाचंही तेच. काकू तो विषय काढायच्या तेव्हा मास्तर गायीला पाणी दाखवायला जायचे.

पुढे लावली ती कलमं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता जातीचं कलम घेतलं तर फळणारंच झाड मिळतं. घरी मृदकाष्ठ (कोवळ्या लाकडावरचं) कलम करायचं असेल तर काडी मादी झाडाची हवी आणि ती शेंड्याकडच्या सरळ उभ्या फुटीची हवी. आडव्या फांदीची काडी घेतली तर कलम जगतं, फळतंही, पण जन्मभर आडवंच पसरत राहतं आणि शेजारच्या पिकावर लोळतं. दहा मादींमागे एक नर पुरतो, तेव्हा सगळे नर तोडून टाकायचे नाहीत. आणि कुठलं झाड कुठलं ते फुलोऱ्यातच बघून खोडावर रंगाने खूण करायची: नर फुलं झुबक्याने येतात, आत पिवळट पुंकेसरांचा गठ्ठा असतो, मादी फुलात मधोमध छोटं गोल फळ आधीच दिसतं. ही खूण ठेवली नाही तर पावसाळ्यात झाडं छाटताना गडी हमखास चुकीच्या झाडाला कोयता लावतो.